माप नसलेली लेस

२ ऑक्टोबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. इबादानमधल्या इतक्या जुन्या टेलरच्या आयुष्यात काय घडतं ते कुठंतरी लिहिलेलं असावं.

माझ्या लेकीचं, वुराओलाचं लग्न ठरलं. १८ नोव्हेंबर, लागोसला. आता वधूकडच्या सगळ्यांनी अंगावर घालायचं एकसारखं कापड, म्हणजे आशो-एबी, कोण निवडणार हा प्रश्नच उद्भवत नाही. वधूचा बाप टेलर असताना दुसऱ्याला विचारणं म्हणजे घरात डॉक्टर असून कंपाउंडरकडे जाणं.

अजून कुणी विचारलेलं नाही. संकोच असेल. वुराची आई आणि मी आठ वर्षं वेगळे राहतो, त्यामुळं लागोसच्या मंडळींना माझ्याशी बोलताना जरा दडपण येतं.

संकल्प: कमी बोलायचं. वधूपित्याचं वजन राहिलं पाहिजे.

४ ऑक्टोबर

लग्नाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘चांगलं कापड कसं ओळखावं’ यावर व्हॉइस मेसेज टाकला. अकरा मिनिटांचा. मुद्देसूद. वुराच्या मामानं, म्हणजे ओयेदिराननं, अंगठा टाकला. बाकीचे हॉलमध्ये पंखे किती लावायचे त्यावर बोलत राहिले.

ग्रुप सोडला. आता कळेल. फोनवर फोन येतील. फुल चार्ज करून ठेवलाय.

५ ऑक्टोबर

फोन नाही. नेटवर्क खराब.

६ ऑक्टोबर

नेटवर्क ठीक आहे. शेजारच्या काफायाच्या आईला मिसकॉल द्यायला लावला, लगेच वाजला. ती म्हणाली, अहो वुराचे बाबा, दार आपटून निघून जायचं तर आत कुणाला आवाज तरी जातोय का बघायचं. तिला यातलं काय कळतंय. ती माझ्या दुकानाच्या कडेला बसून चवळीची भजी तळते. भजी चांगली असतात, तो मुद्दा वेगळा.

१२ ऑक्टोबर

मोटार स्टँडवरनं एक ड्रायव्हर पिशवी आणून टाकून गेला. काहीतरी सांगत होता, पण मी तेव्हा एका गिऱ्हाइकाला खरं लिनन आणि खोटं लिनन यातला फरक समजावत होतो. हातानंच ‘ठेव तिथं’ म्हटलं. गिऱ्हाईकही नंतर येतो म्हणून गेलं.

पिशवीत पोपटी लेस. चकचकीत, पानापानांची नक्षी, कडेला सोनेरी दोरा. नाव नाही, माप नाही. ज्याचं आहे त्याचं माप काय मी स्वप्नात घेऊ? कडेचा दोरा उपसून काडी लावली. सुती असता तर कागदासारखा जळून राख झाला असता. हा वितळला, गोळी झाली, प्लॅस्टिकचा घाण वास सुटला. काडी जरा जास्तच जवळ गेली आणि कोपऱ्याला भोक पडलं. कापडाचीच चूक.

असला माल मी शिवत नाही. मालक आला की चांगलं ऐकवणार. तोवर ओव्हरलॉक मशीनवर झाकण म्हणून घातलं. धूळ बसत नाही, तेवढा तरी उपयोग.

१५ ऑक्टोबर, रविवार

वुराओलाचा फोन! म्हणाली, डॅडी, जेवलात का? मग म्हणाली, डॅडी, ते कापडाचं... मी म्हटलं, बाळा, कापडाचं माझ्यावर सोड. ती म्हणाली, नाही, पण डॅडी, ते... मी म्हटलं, एक शब्द काढू नकोस, ते बापाचं काम आहे. मग तिला ताणा-बाणा कसा मोजायचा ते सांगितलं. सांगता सांगता तिचा बॅलन्स संपला.

म्हणजे जबाबदारी अधिकृतपणे माझ्याकडे आली. आज भात करपला तरी वाईट वाटलं नाही.

१८ ऑक्टोबर

गबागी बाजार. सहा दुकानं नाकारली. पहिल्यानं पॉलिस्टर सुती म्हणून दाखवलं. दुसऱ्याचं ओल्या रुमालानं घासलं तर रुमाल निळा. रुमाल माझा, आणि ओरडला तो.

शेवटी अल्हाजा शेरिफात. तिच्याकडचं गिनी ब्रोकेड. दाट वाइन रंग, अंगातच विणलेली फुलं. मुठीत चुरगाळलं, सोडलं, घडी पडली नाही. उजेडाकडे धरलं, वीण सारखी. दोरा जाळला, राख. कानाशी नेऊन फडकवलं तर नव्या वहीचं पान उलटल्यासारखा आवाज. आठ वर्षांत इतकं आनंदी वाटलं नव्हतं.

अल्हाजा म्हणाली, घरच्यांना एक तुकडा दाखवून ये. नंतर रडलास तर माल परत घ्यायची नाही. मी म्हटलं, घरच्यांनीच तर मला सांगितलंय. ती म्हणाली, मग घरच्यांपैकी एक तरी तुझ्यासोबत का नाही? बायकांना भोचकपणा फार.

२१ ऑक्टोबर

अख्ख्या वधूपक्षाला पुरेल इतकं ब्रोकेड घेतलं. त्यासाठी भरतकामाचं मशीन विकावं लागलं. तसंही अगबाद्याच्या, म्हणजे पुरुषांच्या घोळदार झग्याच्या, गळ्याचं भरतकाम हातानं करण्यातच खरी कला आहे. मशीननं माणूस आळशी होतो.

२४ ऑक्टोबर

हातानं भरतकाम करताना बोटं दुखतात. कलेची किंमत असते.

३० ऑक्टोबर

स्वतःचा अगबादा कापला. माप जुन्या वहीतलंच घेतलं, वुराची आई इथं असताना तिनं टेप धरला होता तेव्हाचं. टेलरला स्वतःच्या पाठीचं माप घेता येत नाही. पण माणसाची पाठ काय बदलते?

७ नोव्हेंबर

मापं सांगायला कुणाचाच फोन नाही. मला कळलं त्यांचं. सरप्राइज हवं असणार.

ओयेदिरानचा अगबादा अंदाजानं शिवला. पोटाला दोन वार जास्त धरलं. वुराच्या आईसाठीही तिचं जुनं माप आठवून ब्लाउज शिवला. आठवायला वेळ लागला नाही.

१३ नोव्हेंबर

काफायाच्या आईनं विचारलं, अहो, लग्नाचं कापड सगळ्यांनी आधीच ठरवलं असलं तर? हसलो. म्हटलं, मला न विचारता? तिनं आणखी चार भजी दिली, पैसे घेतले नाहीत. कधी कधी उगाच दया दाखवते.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

बॅग भरली. उरलेलं ब्रोकेडही घेतलंय, नातेवाईक ऐन वेळी मागतील. मशीनवरून लेस सरकली होती, नीट झाकली. संकल्प: हॉलमध्ये कुणी कापडाची स्तुती केली तर नुसतं हसायचं, लांबड लावायची नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार

काल झालं. लिहून टाकतो.

बस टायर बदलत बसली, उशिरा पोचलो. हॉलच्या दारातूनच पोपटी दिसलं. बायका पोपटी, पुरुष पोपटी, पोरं पोपटी. आधी मनात आलं, या सगळ्यांना कुणीतरी घाऊक फसवलंय. मग दारावरचा पोरगा म्हणाला, काका, नवऱ्याकडचे का? मागच्या टेबलावर बसा, जेवण येईल. आशो-एबी नसलेल्यांचं जेवण शेवटी येतं हे मलाही माहीत आहे. बसलो. पाय दुखत होते, एवढंच. अगबादा खांद्यावरून सारखा घसरत होता. पाठ बदलते.

पुढच्या टेबलावरची एक बाई पोरीला उचलायला वळली आणि तिच्या बाहीवरची नक्षी दिसली. पानापानांची. कडेला सोनेरी दोरा. ती नक्षी महिनाभर माझ्या ओव्हरलॉक मशीनवर होती.

माप पाठवलं नव्हतं. माझंच माप मला कोण पाठवणार?

मग ओयेदिराननं पाहिलं. म्हणाला, दाजी, इथं कोपऱ्यात काय करताय? तुमची खुर्ची पुढं रिकामी ठेवलीय, अख्खा हॉल तुम्हाला शोधतोय! हाताला धरून नेलं. त्याची लेस पोटावर ताणली होती. दोन वार जास्त धरायला हवं होतं, माझा अंदाज बरोबर होता. बॅग टेबलाखालीच राहिली.

वुराची आई शेजारी. तिनं माझ्या कपड्यांकडे पाहिलं आणि नजर वळवली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

आशीर्वादाला वुराओला गुडघ्यांवर बसली. मी डोक्यावर हात ठेवला. खाली बघतच हळू म्हणाली, डॅडी, आवडलं नाही का? मी पहिल्या पगारातनं घेतलं सगळ्यांसाठी. दुकानात हात लावून बघितलं, मुठीत चुरगाळून बघितलं, तुम्ही करता तसं. तुमची पिशवी सगळ्यांत आधी पाठवली.

अकरा मिनिटं बोलू शकणारा माणूस मी. एवढंच म्हणालो, शिवायला टाकलंय बाळा. ती म्हणाली, कुणाकडे?

ढोलवाले जोरात वाजवायला लागले. रडू आलं. एसीचा वारा डोळ्यांत जात होता असं लिहिणार होतो. पण रडूच आलं.

बॅग परत आणली. तिच्या आईचा ब्लाउज द्यायचा राहिला.

२६ नोव्हेंबर, रविवार

अल्हाजा ब्रोकेड परत घेत नाही. सांगितलं होतं तिनं.

लेस धुतली. मशीनच्या तेलाचे डाग पूर्ण गेले नाहीत. कापड सुईखाली घसरतं, कडेला उसवतं, इस्त्रीला चिकटतं. आधी म्हटलं होतं तेवढंच वाईट आहे. आयुष्यात इतकं जपून काही शिवलं नव्हतं.

जुन्या मापावर गेलो नाही. काफायाच्या आईला बोलावलं. हात कमरेच्या कापडाला पुसून आली, पाठीला टेप धरला. म्हणाली, केवढे वाळलात हो. आकडा सांगितला. दोनदा विचारून घेतला.

जळका कोपरा खिशाच्या आत दडवला. दुपारपर्यंत अगबादा झाला. घातला. खांद्यावर बरोब्बर बसला. दुकानाचं दार उघडून खुर्चीवर बसलो. रस्त्यावर कुणी नव्हतं, रविवारचं कोण येतंय.

काफायाची आई कढई घासत होती. वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. म्हणाली, अहो वुराचे बाबा, लग्न तर होऊन गेलं.

म्हटलं, ट्रायल घेतोय.