सावडीची अर्धी गोष्ट

बाबा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि आज मला तुमचा राग आलाय. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण जिवंत माणसांपैकी कुणापाशी हे बोलायची माझी छाती नाही. तुमचे जावई सकाळपासून टीव्हीपुढून हलले नाहीत, त्यांना काय सांगू?

तुमचा नातू, तुम्ही गेलात तेव्हा चार वर्षांचा होता तो. शहापूरला आयटीआयमध्ये एसी-फ्रीजचं शिकला आणि दोन वर्षांमागे आखातातल्या एका छोट्या देशात गेला. त्या देशात एका लांबच्या मोठ्या देशाच्या सैन्याचा तळ आहे. तिथले एसी दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तो कामाला आहे. छोटा देश श्रीमंत आणि भित्रा, मोठा देश बंदूकवाला आणि उर्मट. दोघांचा करार आहे, एकावर हल्ला तो दोघांवर हल्ला. पण विश्वास म्हणाल तर नावाला नाही. पहिल्या वर्षी तो फोनवर सांगायचा, "आई, इथं एका खोलीला दोन कुलपं हायत. एक चावी यांच्याकडं, एक त्यांच्याकडं. दोघं आल्याबिगर दार उघडत नाय. एसी बंद पडला का एक जण येतो आन दुसरा जेवायला गेलेला असतो. आमी उन्हात पाना घेऊन उभे!" मी विचारलं, "आत काय ठेवलंय रे एवढं?" तर म्हणे, "काय नाय गो, कागदाची कपाटं." आम्ही दोघं पोट धरून हसलो. हसता हसता मला तुमची सावड आठवली, आणि मी त्याला ती गोष्ट सांगून बसले. तिथंच माझं चुकलं.

मुरबाडकडचं आपलं ते घर, पुढं भाताची खाचरं. आपला एक बैल, पलीकडच्या बांधावरच्या काकांचा एक बैल. एका बैलानं नांगर चालत नाही म्हणून दोघांची सावड, एक दिवस आपल्या शेतात, एक दिवस त्यांच्या. अडला नारायण गाढवाचे पाय धरी, दुसरं काय! नाहीतर बांधावरून तुमचं दोघांचं बोलणं बंद होतं. मधे मी. तुम्ही दोघं चार हातांवर उभे, आणि काका मला सांगायचे, "तुझ्या बापाला सांग गो, जू सरकवलंय त्यानं." मग तुम्ही, "त्याला सांग, बोटं लावून मोज म्हणावं." जू चार बोटं इकडचं तिकडं झालं की एका बैलावर जास्त ओझं येतं, म्हणून रोज सकाळी दोघंही बोटांनी मोजायचात. संध्याकाळी बैल घरी आला की तुम्ही आधी त्याचा खांदा चाचपायचात, सुजलाय का म्हणून. मग हात धुऊन चहा. तरीसुद्धा दोन्ही शेतांचा चिखल वेळेत व्हायचा, आवणी, म्हणजे रोपांची लावणी, वेळेत व्हायची. मी लहान होते, मला वाटायचं जगात सगळं असंच चालतं, माणसं एकमेकांना शिव्या घालतात आणि काम होतं.

दीड महिन्यामागं तिकडं तणाव वाढायला लागला. कंपनीनं विचारलं, कुणाला घरी जायचं असेल तर आत्ताच सांगा, विमानं चालू आहेत. पोराचा फोन आला. "आई, येऊ का?" एवढंच विचारलं त्यानं. सरळ ये म्हणायचं होतं. माझ्या जिभेला काय झालं होतं देव जाणे! मी म्हटलं, "अरे, त्यांची सावड हाय. भांडतील, पण मोडायचे नाय. तुझ्या आजोबांचं आठव. इकडं येऊन काय करशील, गोडाऊनमधे पेट्या उचलशील?" तो म्हणाला, "बरं." शहाणं पोर, आईचं ऐकलं.

मग शेजारच्या शत्रूदेशाची क्षेपणास्त्रं पडायला लागली. तिसऱ्या दिवशी मोठ्या देशानं आपली माणसं विमानात घालून नेली, तळाच्या त्यांच्याकडच्या दाराला कुलूप लावलं. छोट्या देशाचे अधिकारी टीव्हीवर म्हणतात, आम्हाला विचारलंसुद्धा नाही. मोठे म्हणतात, तुम्हीच आधी चोरून शत्रूशी बोलणी चालवली होतीत. आता विमानतळ बंद आहे. आपली पोरं, नेपाळची पोरं, सगळी तळावरच्याच एका शीतगृहाच्या तळघरात अडकलीत. पासपोर्ट कंपनीच्या कचेरीत आणि कचेरीत कुणी नाही. तुमचे जावई दोनदा ठाण्याला कलेक्टर कचेरीत साहेबांना भेटून आले. साहेबांनी नाव लिहून घेतलं, चहा पाजला, काळजी करू नका म्हणाले. नाव तर मीही लिहून घेतलं असतं. मी काय करते, तर फोन चार्ज करते. भरलेला असला तरी लावते. भात शिजवते आणि तसंच ठेवते. अंगणवाडीत कामाला जाते, तिथली पोरं मला बोलावतात आणि मला ऐकू येत नाही.

बाबा, सावड मोडली तो दिवस तुम्हाला आठवतो का? मला आठवतो. आपला चिखल आदल्या दिवशी पुरा झाला होता. दुसऱ्या दिवशी त्यांची पाळी. सकाळी काका जू घेऊन आले आणि गोठा रिकामा. तुम्ही उजाडताच बैल व्यापाऱ्याच्या हवाली केला होता. गिरणीवर कुणीतरी तुम्हाला म्हणालं होतं, काका पुढच्या साली म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेतून स्वतःची जोडी आणणार. आईनं विचारलं, "असं कसं केलंत?" तुम्ही म्हणालात, "त्यानं मोडायच्या आधी मी मोडली." गरज सरो, वैद्य मरो! काका जू खांद्यावर टाकून परत फिरले. काकींनी माझ्या हातात आपल्या बैलाचा नाडा दिला, त्यांच्याकडं राहिला होता तो. मग ती नवराबायको कुदळीनं आणि पायांनी चिखल करत राहिली आणि त्यांचं रोप पिवळं पडून गेलं. तुम्ही ओटीवर पाठ करून बसलात. काकांनी जोडी आणली नाही, पुढच्या साली नाही आणि त्याच्या पुढच्याही नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. पोराला मी फक्त जू मोजायची गंमत सांगितली.

काल दुपारी फोन लागला. आवाज बसलेला. मागून कुणीतरी खोकत होतं. मी म्हटलं, "जेवलास का रे?" "बिस्किटं हायत." मग मधेच विचारतो, "आई, आजोबांची ती सावड किती वर्षं टिकली? इथल्या पोरांना सांगत होतो, त्यांना पटत नाय. मी म्हटलं, मोठे परत येतील, दार उघडतील."

मी म्हटलं, "बैल म्हातारे होईस्तोवर टिकली रे."

"बघ! मी तेच सांगितलं त्यांना." आणि फोन तुटला. त्यानंतर लागलेला नाही.

हे पत्र पाठवायचं कुठं? डब्यात, तांदळाखाली राहील. सकाळपासून मी स्वतःला सांगतेय की तुमची लाज झाकायला त्याच्याशी खोटं बोलले. नाही हो बाबा. येऊ का म्हणून त्यानं मला विचारलं होतं आणि सावड मोडली होती हे ठाऊक असूनही राहा म्हणणारी मी होते. ते त्याला कळू नये, म्हणून बोलले.