मागच्या खोलीचं छत

३ फेब्रुवारी, शनिवार

नाही म्हणजे नाही! तपासून घेतल्याशिवाय त्या छताला कोणी हात लावायचा नाही.

जेवताना ऑरेस्टने परस्पर जाहीर केलं — सतरा तारखेला मंडळी येणार. शेजारचा गॉर्डी, त्याचा भाऊ, कोपऱ्यावरचा नेस्टर. मागच्या खोलीचं छत संध्याकाळपर्यंत खरवडून गुळगुळीत. मी फक्त सगळ्यांसाठी पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, उकडायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण घरातलं काही ठरवताना बायकोला विचारतात हे अजून ह्याच्या गावी नाही.

घर चौऱ्याहत्तर सालचं. छतांना ते लाह्या चिकटवल्यासारखं खरबरीत लिंपण — तेव्हा सगळ्या विनिपेग शहराला त्याचं वेड होतं. त्यात बऱ्याचदा अ‍ॅस्बेस्टॉस घालायचे. आहे तसं राहू दिलं तर काही करत नाही. खरवडलं की त्याची धूळ होते, छातीत जाते आणि तिथेच बसते. दुखणं वीस-तीस वर्षांनी वर येतं.

आणि त्याच खोलीत महिनाअखेरीस आमची लेक डार्का राहायला येणार. जावई उत्तरेत खाणीवर, पोरगी बाळाला घेऊन एकटी किती दिवस काढणार? रोमन नुकता रांगायला लागलाय. जमिनीवर दिसेल ते तोंडात!

५ फेब्रुवारी

ऑरेस्टचं एकच पालुपद — आजवर एवढी छतं खरवडली, कोणाला काय झालं? खरवडलीत खरी. आमच्या गल्लीत कोणाचं काम निघालं की शनिवारी सगळे जमतात, आणि छताचं असलं की पटाशी ऑरेस्टच्याच हातात. त्याचा मान तो! पण खरवडतो कोरडंच. पाणी मारलं की चिखल होतो, गालिचा खराब होतो म्हणे. बाहेर उणे तीस, खिडकी उघडायची सोय नाही, घर तापवणारी तळघरातली भट्टी चालूच — तीच हवा साऱ्या घरात फिरते. हे बोलून दाखवलं तर ताटावरून उठून गेला.

६ फेब्रुवारी

मी दारापुढचा बर्फ फावड्याने ओढत होते, तेव्हा गॉर्डी कुंपणापाशी आला. “काय स्टेफा, छताला घाबरलीस म्हणे? मग आम्ही खायचं काय?” म्हटलं, निकाल येईपर्यंत उपाशी राहा. हसला. पण नवऱ्याने गल्लीभर माझी टिंगल केलेली दिसते. करू दे!

८ फेब्रुवारी

प्रयोगशाळेत फोन केला. बाई नीट बोलली, मला मूर्खात काढलं नाही. नमुना एकाच जागचा नको, तीन ठिकाणचा द्या म्हणाली. तारीख पुढे ढकल म्हणून ऑरेस्टला सांगितलं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

१० फेब्रुवारी, शनिवार

केलं!

ऑरेस्ट बर्फावर कर्लिंग खेळायला गेला आणि मी स्टूल आत नेलं. भट्टी बंद. खाली प्लास्टिक, तोंडाला मास्क. छतावर साबणाचं पाणी फवारलं, चांगलं मुरू दिलं, मग चमचाभर काढून पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. असं तीनदा. मान मोडून आली, हात गोठले. पण धुळीचा कण उडू दिला नाही. काढलेल्या जागी लगेच रंग फासला.

आल्याआल्या त्याने ते तीन डाग पाहिले. आता आरडाओरडा होणार म्हणून मी कंबर कसूनच उभी होते. पण तो दारातच थांबला. हळूच म्हणाला, “निकाल वाईट आला तर काय करणार आहेस, स्टेफा?” खरवडायचं नाही, वरून पक्के बोर्ड ठोकून घ्यायचे, तेही जाणकार माणसांकडून — मी सांगून टाकलं. त्याने मान हलवली. पण ऐकलं असं वाटलं नाही.

१२ फेब्रुवारी

अबोला. बिटाचं बोर्श्ट सूपसुद्धा अर्धं ठेवलं. एवढा कसला राग! असू दे, मी मागे हटणार नाही.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

आहे. तिन्ही नमुन्यांत आहे.

मग लागले कामाला. मंडळींना उद्या येऊ नका म्हणून कळवलं. बोर्ड ठोकणाऱ्यांना बोलावलं — पुढच्या आठवड्यात येतील. तोवर मागच्या खोलीला कुलूप. डार्काची व्यवस्था पुढच्या खोलीत. तिथल्या छताला कोणी धक्का लावलेला नाही, काळजीचं कारण नाही.

ऑरेस्टने कागद कितीतरी वेळ वाचला. ‘बघ, मी सांगत होते’ असं अगदी ओठांवर आलं होतं. त्याचा चेहरा पाहून गिळलं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळीच कागद खिशात घालून बाहेर पडला. ज्यांची ज्यांची छतं खरवडली, त्यांच्या दारात जाऊन स्वतः सांगितलं. नेस्टरच्या बायकोने तोंडावर दार लावलं. मला त्याचा अभिमान वाटला, तसं म्हणालेही.

कोट न काढताच खुर्चीत बसला. म्हणाला, अजून एक घर राहिलंय.

“रोमन झाला तेव्हा तू डार्कापाशी हॉस्पिटलात होतीस. तिच्या भाड्याच्या घरातलं छत असंच होतं गं. म्हटलं, बाळ घरी येण्याआधी खोली छान दिसू दे.”

गाडी तापायला ठेवली आहे. डार्काला फोनवर एवढंच सांगितलं — रोमनला गालिच्यावरून उचल, त्याला घेऊन शेजारी जाऊन बस, आम्ही निघालो.