बर्फाच्या पेटीची परीक्षा

कॅम्प, बुधवार, दुपार

ती. ऑरिन भावोजींना मार्लिसचा सादर नमस्कार.

तुमचा नवा गुडघा कसा आहे? जाऊबाईंनी फोनवर सांगितलं की तुम्ही वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत जाता, तिथून आकाशाकडे बघून हवामानाला शिव्या देता आणि परत येता. ऐकून बरं वाटलं. शिव्या देणारा माणूस बरा होतोच. डॉक्टर म्हणतील तेवढंच चाला, आणि त्या व्यायाम करून घेणाऱ्या मुलीशी नीट वागा. तिने तुमचा गुडघा बिघडवलेला नाही, तो तुम्ही सत्तेचाळीस वर्षं शिकारीसाठी झाडांवर चढून बिघडवला आहे. इथे आम्ही सगळे खुशाल आहोत. (खुशाल म्हणजे तुमच्या डेरेकच्या पाठीत उसण भरली आहे आणि तुमच्या जुन्या दोस्ताची, वेंडलची, कवळी ओढ्यात पडली होती. कवळी सापडली. वेंडलने ती धुतली की नाही, हे मी विचारलेलं नाही.)

ऑपरेशनच्या आधी तुम्ही इथे शेगडीवर चिकटवून गेलेली चिठ्ठी आल्या आल्या वाचली. 'मार्लिस या वर्षापुरती, स्वयंपाकाला. पेटी डेरेक निवडेल.' अक्षर सुरेख आहे. त्याप्रमाणे मी सामानाच्या खोलीत, बटाट्यांच्या पोत्याशेजारी झोपते. तुमचा भाऊ, माझा लाइल, गेल्यापासून खिडकीजवळची त्याची खाट दोन वर्षं रिकामी आहे आणि तिच्यावर कंदील आणि दोरखंड आराम करतात. याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही. हा शिकारीचा कॅम्प तुमच्या वडिलांनी बांधला, खाट कुणाला द्यायची हे तुम्ही ठरवता, आणि बाईमाणसाला आजवर दिलेली नाही, हे मला लग्न होऊन आले तेव्हापासून पाठ आहे. हे पत्र बर्फाच्या पेटीबद्दल आहे.

तर पेटी. मामंजींची पत्र्याची पेटी निकालात काढायला हवी होती, यावर दुमत नव्हतं. बिजागरी तुटलेली, झाकण पट्ट्याने बांधलेलं, आणि गेल्या वर्षी तिच्यात सॉसेजेस पाण्यावर तरंगत होती. तुम्ही निवडीचं काम डेरेककडे दिलंत आणि तुमचा चिरंजीव तीन शनिवार दुकानात जाऊन बसला. सून करायला स्थळं बघावीत तशा त्याने पेट्या बघितल्या. शेवटी घरी आणली ती अशी की ट्रकमधून फेकली तरी फुटत नाही, वर दोन माणसं उभी राहिली तरी दबत नाही आणि अस्वलाला उघडत नाही. (आपल्या कॅम्पावर नऊ वर्षांत एकच अस्वल आलं आणि त्याने पेटीकडे ढुंकूनही न बघता वेंडलची टूथपेस्ट खाल्ली.) वर तिला झाडपाल्याची नक्षी. पानं, काटक्या, साल, सगळं हुबेहूब. मी विचारलं, बाबा रे, हरणं पेटीला घाबरतात का? तर म्हणाला, "काकू, तुला त्यातलं कळायचं नाही."

आता भावोजी, ज्या बाईने शाळेच्या स्वयंपाकघरात सत्तावीस वर्षं काढली, चारशे पोरांचं दूध, मांस आणि बटाट्याची कोशिंबीर सांभाळली आणि एकाही पोराचं पोट बिघडू दिलं नाही, तिला गार आणि गरम यातलं कळत नाही म्हणायचं म्हणजे कमाल झाली. मी त्या दिवशी त्याला फक्त म्हटलं, उचलून दाखव. रिकामी पेटी उचलतानाच त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. माणसं पेटी दुकानात रिकामी निवडतात आणि जंगलात भरलेली ओढतात. मी माझी स्वतःची पेटी उभी केली. एका ओळखीच्या घरच्या अडगळीतून उचललेली, पांढरी (म्हणजे पूर्वी पांढरी), दोन्हीकडे दोरीचे कान, खाली पाणी सोडायला बूच आणि उंची नेमकी बसायला सोयीची. आत रंगाचा आणि माशांचा वास होता, तो मी खायचा सोडा लावून तीन दिवसांत घालवला. झाकणाखालचं रबर तेवढं नवं बसवलं. मग माझ्या गॅरेजात परीक्षा ठेवली. दोन पेट्या, सारखा बर्फ, पाच दिवस, पंच म्हणून वेंडल. डेरेक हसत हसत तयार झाला.

परीक्षेत काय झालं ते तो तुम्हाला सांगणार नाही, म्हणून मी सांगते. त्याची पेटी माझ्या पेटीपेक्षा चांगली आहे. हो, चांगली आहे, मी खोटं कशाला बोलू? भिंती वीतभर जाड आहेत. पण तिच्यात एक मोठा दोष आहे, तो म्हणजे डेरेक. गॅरेजात जो येईल त्याला तो झाकण उघडून दाखवायचा. पोस्टमन आला, दाखव. पलीकडचे पाद्रीबुवा शिडी मागायला आले, दाखव. "बघा, अजून एक तुकडा विरघळलेला नाही!" असं म्हणत म्हणत पाच दिवसांत त्याने ते झाकण किती वेळा उघडलं याच्या रेघा वेंडलने भिंतीवर ओढल्या होत्या, आणि एकसष्टनंतर पेन्सिल संपली. माझ्या झाकणाला मी शाळेच्या दुधाच्या पेट्यांना लावायचे ते आकड्यांचं सील लावलं होतं. चौथ्या दिवशी त्याला राहवेना. "काकू, तुझ्या पेटीत बर्फ आहे हे कशावरून?" मी म्हटलं, "तू आत बघितलेलं नाहीस, त्यावरून." पाचव्या दिवशी पंचांनी दोन्ही उघडल्या. त्याच्यात हात धुण्याइतकं पाणी आणि चार गारा. माझ्यात बर्फ जसाच्या तसा, वरून कुरकुरत होता. बर्फ उन्हाने वितळतो हा पुरुषांचा समज आहे. तो बघण्याने वितळतो.

डेरेकने निकाल मानला नाही. गॅरेजातली परीक्षा ही पुस्तकी, म्हणाला, खरी परीक्षा जंगलात. म्हणून शनिवारी, हंगामाच्या पहिल्या दिवशी, कॅम्पावर दोन्ही पेट्या आल्या. माझ्या पेटीच्या तळाला दुधाचे प्लॅस्टिकचे कॅन होते, त्यांत मिठाचं पाणी भरून गोठवलेलं. मामंजींची पत्र्याची पेटी मी ओसरीत ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं, बिअर हिच्यात. दिवसातून शंभर वेळा उघडा, आत डोकं घालून बसा, बघण्याची हौस इथे फेडून घ्या. पण पांढरीला हात लावाल तर रात्रीच्या जेवणात नुसत्या उकडलेल्या कोबीवर ठेवीन.

आणि हवा कशी होती म्हणता! नोव्हेंबर संपत आला आणि बर्फाचा कण नाही, माणसं नुसत्या सदऱ्यावर घाम पुसतायत. सकाळी नवाच्या आत वेंडलने शिंगांना आठ टोकं असलेला नर पाडला आणि ओढ्यापलीकडे डेरेकने मादी. वेंडलने आपलं हरीण रिवाजाप्रमाणे दारापुढच्या खांबावर टांगलं आणि हात झटकले. मी म्हटलं, खाली काढ, हाडं सोडवून पेटीत घालू. तो म्हणाला, "वहिनी, ऑरिनच्या वडिलांपासून इथे बुधवारपर्यंत टांगायची पद्धत आहे." मी म्हटलं, "त्यांच्या वेळी खांबावरच्या हरणाला हिमाचे कल्ले फुटायचे. आता याच्यावर माशी बसली आहे, वेंडल. ती बघ." त्याने बघितली. दुसरीही आली. मग त्याने मुकाट्याने सुरी काढली, आणि दहाच्या आत त्याचं सगळं मांस कापडात गुंडाळून, कोरडं, कॅनांवर रचून, सील लावून बंद झालं. वर मी बसले आणि बटाटे सोलायला घेतले.

तिकडे डेरेकने पेटी जंगलात चालणाऱ्या उघड्या चारचाकी गाडीवरून थेट हरणापाशी नेली होती. तिथेच मांस काढलं, पेटीत भरलं. भरलेली पेटी परत गाडीवर चढेना (उसण ती याच वेळची). तेव्हा ती ओढ्याकाठच्या झाडीत सावलीला ठेवून साहेब मदतीला माणसं आणायला आले. वेंडलला आणि त्याच्या दोघा भाच्यांना घेऊन गेले आणि भावोजी, पेटी दिसेना! दिसेल कशी? पानं, काटक्या, साल, सगळं हुबेहूब! ज्या माणसाला कुणी हरीण समजून गोळी घालू नये म्हणून सरकार डोळे दिपतील असा नारिंगी डगला घालायला लावतं, त्यानेच आपलं अख्खं हरीण झाडीच्या रंगाच्या पेटीत घालून झाडीत ठेवलं. अकरा ते अडीच चार नारिंगी माणसं ओढ्याकाठी वर-खाली फिरत होती. मला ओसरीवरून ऐकू येत होतं. डेरेक म्हणत होता इथेच होती, आणि एक भाचा विचारत होता, "हाका मारून बघू या का?" शेवटी वेंडल दमून एका ओंडक्यावर टेकला आणि त्या ओंडक्याला झाकण निघालं. आनंदाच्या भरात तो ओढ्यावर वाकून जोरात ओरडला, आणि कवळी पडली ती तेव्हा.

पेटी चौघांनी उचलून आणली. उघडली तर (माझं न ऐकता त्याने सकाळपासून बिअरही तिच्यातच ठेवली होती, तेव्हा झाकणाने काय काय सोसलं असेल ते समजा) बर्फाचं पाणी झालेलं आणि त्यात मांस डुंबत होतं. अजून तासभर गेला असता तर जाऊबाईंना हिवाळाभर बाजारचं मांस आणावं लागलं असतं. डेरेकचा चेहरा एवढासा झाला. त्याने वर्षभर त्या सकाळची वाट बघितली होती, मला खरंच वाईट वाटलं. मी उठले, सील तोडलं, एकदाच. मांस पुसून, कोरडं करून वेंडलच्या मांसाशेजारी बसवलं, नवं सील लावलं आणि पुन्हा वर बसले. कुणाला एक शब्द बोलले नाही. (रात्री जेवताना मात्र बोलले. अर्धा तास.)

आज पाचवा दिवस. मघाशी पंचांच्या साक्षीने उघडून पाहिलं. कॅन दगडासारखे कडक, मांस कोरडं, वास नावालाही नाही. भाच्यांनी टोप्या काढल्या. डेरेकची पेटी आता दाराशी आहे, तिच्यात सगळ्यांचे बूट राहतात आणि बुटांना अस्वलाची भीती उरलेली नाही. डेरेक सकाळी माझ्याजवळ येऊन उभा राहिला, नख खात, आणि हळूच म्हणाला, "काकू, ती सीलं आणखी आहेत का गं?" मी त्याला सहा दिली. शहाणा आहे मुलगा, वळणावर गेला तर आईच्या जाईल.

उद्याच्या थँक्सगिव्हिंगला टर्कीबरोबर हरणाच्या कमरेचं मांस करणार आहे, कांदा आणि ब्रँडी घालून. तुमचा वाटा डेरेक रविवारी आणेल. त्याला वाटेत झाकण उघडू देऊ नये म्हणून वेंडल बरोबर येतो आहे. जाऊबाईंना नमस्कार. औषधं वेळेवर घ्या.

आपली,
मार्लिस

ता. क. : ते ओळखीचं घर तुमचंच. तुम्ही इस्पितळात होतात तेव्हा जाऊबाईंनी तुमच्या शेडमधून ती पेटी काढून दिली. ती फेकायची म्हणून तुम्ही अकरा वर्षं तिच्यात रंगाचे डबे ठेवत होतात. तेव्हा पेटी तुमच्याच घराण्याची निवडली गेली, हे ऐकून गुडघ्याला आराम पडेल.

ता. क. दोन : एक गोष्ट वर लिहायची टाळली. काल दुपारी मी पेटीवर बसले होते, बंदूक मांडीवर होती, आणि समोर तीस पावलांवर एक मोठा नर येऊन उभा राहिला. शिंगांना दहा टोकं. तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. मग मी गोळी झाडली आणि ती सरपणाच्या ढिगात गेली. तो घाईसुद्धा न करता निघून गेला. ओसरीवर माणसं जमली. नेम चुकलेल्याच्या सदऱ्याचा मागचा काठ कापून भिंतीवर ठोकायचा, हा आपला नियम, पण स्वयंपाकिणीचा कापायचा की नाही हे चिठ्ठीत नव्हतं. भाचे जमिनीकडे बघत होते. तेव्हा वेंडल आत गेला, कात्री घेऊन आला आणि म्हणाला, "वळा वहिनी."

मी लाइलचा चौकडीचा सदरा घातला होता. त्याचा डावीकडचा काठ तुम्हीच कापलात, ज्या वर्षी लाइलने दोन गोळ्या फुकट घालवल्या त्या वर्षी. वेंडलला उजवीकडचा कापावा लागला. आता भिंतीवर दोन्ही तुकडे शेजारी शेजारी आहेत, एकाच सदऱ्याचे. लाइलच्या तुकड्याखाली त्याचं नाव तुमच्या अक्षरात आहे. माझ्याखाली डेरेकने लिहिलं आहे, आणि त्याने 'काकू' लिहिलेलं नाही, 'मार्लिस' लिहिलं आहे.

भावोजी, ज्याची चिंधी भिंतीवर आहे त्याला खाट नाही, असं या कॅम्पात आजवर झालेलं नाही. मला लाइलची खाट हवी आहे. या वर्षापुरती नको.