दोरीचं दुसरं टोक

१७ ऑक्टोबर, सकाळचे साडेनऊ

बारके,

खूप आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. तुझी तब्येत, नवऱ्याचा गुडघा, सगळं बरं आहे असं धरून चालते. आठ महिने अबोला धरलास आणि परवा पत्र आलं ते काय, तर "ताई, कुंडीत गाजर उगवत नाही, आई कसं करायची?" एवढंच! गाजरापायी का होईना, तोंड उघडलंस बाई. वाचून मी आधी हसले, मग रडले.

तर ऐक. बी ताजं हवं, गेल्या वर्षीचं उरलंसुरलं नको. तळहातावर चोळून त्याची कुसळं काढ, मग मूठभर कोरड्या वाळूत मिसळ, म्हणजे दाट पडत नाही. नखाएवढंच खोल पेर. वरून ओलं गोणपाट. तीन आठवडे माती वाळू द्यायची नाही. एक दिवस जरी वर पापुद्रा धरला, तरी कोंब आतल्या आत मरतो. हिरवं दिसलं की गोणपाट काढायचं. आणि तू उपटून दुसरीकडे लावायला जाशील, मला ठाऊक आहे. तसं केलंस की गाजराला पाय फुटतात.

आणि मुळा! चिमूटभर मुळ्याचं बी त्यातच मिसळायचं. गाजर तीन आठवडे तोंड दाखवत नाही, पण मुळा चौथ्या दिवशी वर येतो आणि ओळ कुठे आहे ते कळतं. "मुळा वाट दाखवतो, गाजर मागनं चालत येतं," म्हणायची आई. एका टोकाला ती दोरी धरायची, दुसऱ्या टोकाला मी, आणि मधून तू बी टाकत यायचीस. निम्मं फ्रॉकच्या खिशात जायचं तुझ्या.

यंदा मी मुळा घातला नाही. घरात बीच नव्हतं. दाराजवळच्या वाफ्यात नुसतं गाजर पेरलं. चौथ्या दिवशी मुळा उगवला. वाफ्यात नाही, पलीकडे हौदापाशी. पाच रोपं, एका ओळीत.

पाखरांनी आणलं असेल बी, असं म्हटलं आणि सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी आणखी तीन, घराच्या दिशेने. मग रोज तीन. आपल्या जाण्यायेण्याने कडक झालेल्या, कुदळ लागत नाही अशा जमिनीतून. दोन रोपांमधलं अंतर मोजलं. माझ्या वितीपेक्षा दोन बोटं कमी. आईची वीत केवढी होती, तुला माहीत आहे.

हौदाची भिंत दुरुस्त करायला गवंडी आला होता. ओळ बघून थबकलाच. "ताई, ही दोरी लावून केलीय ना?"

"हो," म्हटलं मी. काय सांगणार?

"एकट्याच्या हातून एवढी सरळ होत नाही. दुसरं टोक कुणी धरलं होतं?"

मी त्याला चहा घेणार का म्हणून विचारलं.

बारके, आता पोटात ठेवलेलं ओकून टाकते. आईला पोचवून आलो त्या दिवशी तू विचारलंस, "तिने हाक मारली नव्हती?" मी नाही म्हटलं. तुला ते पटलं नाही आणि तू पाणीसुद्धा न पिता निघून गेलीस. मी खोटं बोलले. तिने हाक मारली होती. तीनदा. "मोठे, दोरीचं दुसरं टोक धर गं." मी पेपर वाचत होते. दिवसातून वीस हाका मारायची, वीट आला होता मला. ओसुद्धा दिली नाही. तिसरी हाक बारीक होती, तरी उठले नाही. तासाभराने गेले तेव्हा ती हौदापाशी पडलेली, मुठीत दोरी. डॉक्टर म्हणाले, "लगेच आणलं असतं तर..." हेही मी तुला सांगितलं नाही. ती दोरी मी माझ्या हाताने जाळली.

काल मुळा पायरीशी पोचला. वाफ्यातल्या गाजराची अजून एक काडी नाही. आज सकाळी सातला दार उघडलं तर उंबऱ्यावर दोरीचं टोक. तीच दोरी, टोकाला निळ्या चिंधीची गाठ. ओळीवरून सरळ हौदाच्या मागे गेलीय. पलीकडचं काही दिसत नाही.

मी "आले गं" म्हटलं आणि टोक उचललं. पलीकडून दोरी ताणली गेली. हळूच, आई ताणायची तेवढीच.

तेव्हापासून उंबऱ्यातच बसले आहे. दाराशेजारच्या फळीवर कागद आणि पेन होतं, तिथवर हात पुरला. अक्षर वाकडं आलंय, कारण डाव्या हातात दोरी आहे. मघाशी जरा सैल सोडली तर दोन हिसके आले. "नीट धर" म्हणून द्यायची ना, तसेच. मला भीती वाटतेय गं, आणि सोडवतही नाही. तेव्हा धरली नव्हती, आता नाही सोडणार.

अकराला पोस्टमन येईल, त्याच्याजवळ हे देते. रागाव, भांड, दोन थोबाडीत दे, पण ये. बी ताजं आण आणि चिमूटभर मुळा. मधून टाकत यायला तूच हवीस.

तुझी वाट बघणाऱ्या,
आम्ही दोघी