बरणीतला तांबडा मासा

मिनिकॉय बेट,
८ जानेवारी १९७१

तीर्थरूप तात्यांच्या चरणी पुतण्या गोरक्षनाथाचा साष्टांग दंडवत. वि. वि.

मत्स्य खात्याची तार आली म्हणून रजा अर्धी टाकून निघालो, सुखरूप पोचलो. कलकत्त्याला तज्ज्ञांकडे न्यायची स्पिरिटातल्या माशाची बरणी तुमच्यापाशी ठेवून आलो, तेव्हापासून जीव तिच्यातच अडकला आहे. देव्हाऱ्याशेजारचा कोनाडा अंधारा आणि गार आहे, धाडेपर्यंत तिथेच राहू द्या. झाकण मात्र उघडू नका.

काकू हसल्या की एवढ्याशा पांढऱ्या बोंबलाचं काय कौतुक. काकू, पाण्यातून निघाला तेव्हा तो कुंकवासारखा तांबडा होता, परांना निळी किनार होती. घटकाभरात रंग उतरला. हा रॅस नावाच्या कुळातला मासा. आपल्या मळ्यातल्या सहा विहिरी एकीखाली एक खणाव्यात इतक्या खोल, प्रवाळाच्या खडकांशी राहतो. उन्हातला तांबडा रंग तिथवर पोचत नाही, म्हणून खाली तो काळसरच दिसतो. त्याच्याभोवती साध्या पिवळ्या माशांचा थवा असतो, पण ती जात निराळी, माहितीतली. तांबडा कुठल्याच पुस्तकात नाही. कलकत्त्याच्या तज्ज्ञांनी तो नवा ठरवला, तर नाव ठेवायचा मान माझा. माझ्यापाशी दुसरा नाही. सोबतच्या चिठ्ठीतल्या पत्त्यावर बेलापूर स्टेशनातून पार्सल करावं.

काकूंना नमस्कार. आपली माया आहे तशीच असू द्यावी.

गोरक्षनाथ

कोल्हार,
२ फेब्रुवारी १९७१

चि. गोरक्षनाथ यास कारभारी तात्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पौषी पुनवेची भगवतीची जत्रा यंदा मोठी भरली. गहू ओंबीवर आहे. शेजारच्या छगनची गाय व्याली, कालवड झाली. तुझी काकू म्हणते, पोरगा तिकडं नुसता भात खाऊन वाळला असंल, त्याला बाजरीचं पीठ धाडा.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मनातून जात नाही. ज्या खोलीत तांबडं काळं दिसतं, तिथल्या जिवाला देवानं कुंकवाचा रंग का दिला असेल? पाहणारं कोणी नाही, तरी हात आखडला नाही. नांगरामागं चालताना हेच घोळत असतं.

स्टेशनावर काचेचं सामान आदळतात असं गावातला आसाराम सांगत होता, म्हणून जरा थांबलो आहे. मासा स्पिरिटाऐवजी दुसऱ्या कशात टिकतो का, ते सवडीनं कळव.

प्रकृतीला जप. आठवण असू दे.

तुझा तात्या

मिनिकॉय,
२७ फेब्रुवारी १९७१

ती. तात्यांस गोरक्षनाथाचा दंडवत.

गाय व्याली ते कळलं, कालवडही कळली. बरणीचं काय ते कळलं नाही! मला पोहायला शिकवताना तुम्ही असंच खोल पाण्याचं बोलणं टाळायचात.

घरात मिळेल अशा दुसऱ्या कशात मासा टिकत नाही. कलकत्त्याहून दुसऱ्यांदा विचारणा आली आहे. मासा पाहिल्यावाचून ते शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत, आणि ठेवूही नये. तात्या, जे असेल ते लिहा.

आपला,
गोरक्षनाथ

कोल्हार,
२० मार्च १९७१

चि. गोरक्षनाथ यास आशीर्वाद.

लहानपणी तू देवीच्या नैवेद्यातला पेढा खाल्लास तेव्हा मी म्हणालो होतो, कबूल करणाऱ्याला शिक्षा नाही. आता ते मलाच आठवावं लागतं आहे.

जत्रेच्या आदल्या दिवशी कोनाड्यातून वास येऊ लागला. काकू म्हणाली, माळकऱ्याच्या घरात देवीशेजारी दारू ठेवलीया, आता बकरं तेवढं कापायचं ऱ्हायलंय. तिला दोष देत नाही. तिनं नुसतं म्हटलं, केलं मी. झाकणाचं मेण सोडलं, स्पिरिट उकिरड्यावर ओतलं, बरणी तीनदा घासली आणि प्रवरेचं पाणी भरून मासा परत सोडला. वर तुळशीचं पान टाकलं. वाटलं, जिवाला दारूत ठेवण्यापेक्षा नदीच्या पाण्यात बरं. पुण्य केल्यासारखं हलकं वाटलं बघ.

तिसऱ्या दिवशी पाणी गढूळलं, पाचव्या दिवशी घरात उभं राहवेना. विहिरीजवळच्या लिंबाखाली पुरला. तुझं पत्र त्यानंतर आलं. दुसरा नाही, हे वाचूनही मी तुला गाईच्या गोष्टी लिहिल्या. ते पहिल्या चुकीहून वाईट.

परवा उकरून काटे काढले, धुऊन वाळवले. पाठीवरचे टोकदार काटे मोजले, अकरा भरले. उपयोग असेल तर पाठवतो. रागावलास तरी पत्र बंद करू नकोस.

तात्या

मिनिकॉय,
११ मे १९७१

तीर्थरूप तात्यांस साष्टांग दंडवत.

पत्र वाचून तीन दिवस जेवलो नाही. चौथ्या दिवशी इथल्या एका म्हाताऱ्या कोळ्याला घेऊन त्याच खडकावर गेलो. महिनाभर गळ टाकले. तांबडा एकही नाही. कोळी म्हणाला, थव्यात तो एकच होता, तुम्ही काढलात, आता थव्यातलाच कोणी तांबडा होईल. मी त्याला हसलो.

गेल्या सोमवारी त्या पिवळ्या थव्यातला सर्वांत मोठा मासा गळाला लागला. तात्या, तो अर्धा पिवळा होता आणि डोक्याकडून तांबडा होत चालला होता. परांना निळी किनार नुकतीच धरली होती. पोट उघडून पाहिलं. ती मादी होती, आणि आत नर होऊ लागली होती. या कुळात थोरली मादी नर होते, हे मी वाचलेलं; नर गेला की ती थवा सांभाळायला तशी होते, हे कोळ्याचं. पण पिवळी आणि तांबडा एकाच घरची असतील, हे मनातही आलं नाही. माझा नवा मासा जुन्याच जातीचा कर्ता नर निघाला.

बरणी शाबूत असती तर मी कलकत्त्याला खोटं छापून घेतलं असतं, आणि नाव ठेवायच्या हौसेत ते मला दिसलंही नसतं. मान गेला. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण राग राहिला नाही. काटे पाठवा, या माशाशी ताडून पाहतो. तुमचे अकरा मोजलेले बरोबर आहेत, याच्याही पाठीवर अकराच भरले.

अर्धा पिवळा मासा दिवाळीत घरी आणीन म्हणतो. ठेवायला जागा आहे का?

आपलाच,
गोरक्षनाथ

कोल्हार,
६ जून १९७१

चि. गोरक्षनाथ यास आशीर्वाद.

पत्र काकूला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, कर्ता गेल्यावर घर बाईच सांभाळती, ह्यात माशाचं काय नवल? मला नवल वाटलं ते रंगाचं. ज्या अंधारात तो दिसणार नव्हता, तिथंही ती थोरली आपलं काम अंगावर घेताना रंग चढवतच होती. माझ्या प्रश्नाचं उत्तर आलं असं नाही, पण आता विचारावंसं वाटत नाही.

काटे कापसात गुंडाळून पाठवले आहेत. मासा अवश्य आण, स्पिरिटासकट. कोनाडा झाडून ठेवला आहे. वासाचं काकूला विचारलं, तर म्हणाली, वास आला तर उदबत्ती लावू, देवीलाबी कळतंय की.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
तात्या