समासातलं गाळू नये

मी, नुपूर गुरुप्रसाद खैरनार, मूळची नाशिकची, आता राहणार ओल्ड एअरपोर्ट, दोहा. मागच्या मंगळवारी अठरा पूर्ण झाले. माझं डोकं ठिकाणावर आहे आणि कुणी जबरदस्ती केलेली नाही, उलट आई म्हणते, "असलं अभद्र काय लिहीत बसलीस गं?" रविवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात काळजी नको. तरी लिहून ठेवते, कारण बोलायची वेळ आली की माझं तोंड उघडत नाही.

१. माझे कानातले आईला. बाबांचा थर्मास माझ्या कपाटात आहे. हरवला नव्हता. तो नसला की ते रास लफानच्या गॅस प्लांटवर शिफ्टला जाणार नाहीत, असं मला लहानपणी वाटायचं.

२. माझी फूटपट्टी शाळेतल्या बबीता मिसना. समासात लिहिलं की त्या मार्क कापायच्या. नववीत त्यांनी मला सगळ्यांसमोर बोलायला उभं केलं, आवाजच निघाला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेले नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्यांनी कारण लिहिलं, अभ्यासात रस नाही. राग होता. फूटपट्टी दिली की खलास.

३. लॅपटॉप आणि त्यातलं काम धाकट्या भावाला, मिहीरला. काम असं: वरच्या मजल्यावरच्या जैतून मॅडम सुदानच्या, समाजशास्त्राच्या रिटायर्ड प्रोफेसर. अमेरिकेत सव्वाशे वर्षांपूर्वी लेटिशिया मून नावाच्या ब्लॅक शिक्षिकेने कपडे धुणाऱ्या बायकांच्या घरोघरी जाऊन माहिती लिहून आणली. पुस्तक निघालं एका गोऱ्या प्रोफेसरच्या नावाने. लेटिशियाबाई त्यात नुसत्या "एक स्थानिक मदतनीस". त्यांच्या हातची दोनशे पानं मॅडमना मिळाली. ती मी टाइप करते. मॅडम ती लेटिशियाबाईंच्याच नावाने छापणार.

४. माझी चूक. पहिल्या चाळीस पानांचा समास मी टाइपच केला नाही. समासातलं धरायचं नसतं, ही शाळेची सवय. एकेचाळिसाव्या पानावर त्या प्रोफेसरचा छापील प्रश्न होता, "बाई आळशी आहे का?" उत्तराची जागा रिकामी. समासात बारीक अक्षरात लिहिलेलं, "ही पहाटे चारला पाणी तापवते. प्रश्न चुकीचा आहे. पाणी किती लांबून आणते, ते विचारा."

मी धावत वर गेले. वाटलं, आता ओरडा. मॅडम वाचून खालीच बसल्या. म्हणाल्या, "नुपूर, हेच तर तिचं समाजशास्त्र! त्या प्रोफेसरनेसुद्धा नेमकं हेच गाळलं." मग डोळे पुसून, "यल्ला, चल, पहिल्या पानापासून."

माझ्या दाखल्याला समास असता तर मीही लिहिलं असतं.

५. महिनाअखेर फाइल छापायला जाईल. ती चाळीस पानं पुरी झाल्याशिवाय जाऊ देऊ नये. मिहीर म्हणतो, "ताई, आय कान्ट रीड हर हँडरायटिंग." अरे, माझं वाचतोस ना? मग कुणाचंही वाचशील.

६. मी बरी होऊन आले तर वरचं सगळं रद्द, थर्मास सोडून. मग लॅपटॉपला कुणी हात लावायचा नाही. टाइप करणारीचं नाव छापू का, असं मॅडमनी विचारलं तेव्हा मी मान हलवून नको म्हटलं होतं. आता छापा.

साक्षीदार:
जैतून मॅडम (सही अरबीत. त्यांना मराठी येत नाही, म्हणून सगळ्याचा अर्थ मी इंग्रजीत सांगितला. मोठ्याने.)
शैलजा देवीदास पगारे, शेजारच्या काकू

सही: नुपूर गु. खैरनार
ओल्ड एअरपोर्ट, दोहा. ९ ऑक्टोबर २०२५

समासात, माझ्याच हाताने: मिहीर, पहिलं पान मी आत्ता केलं. एकोणचाळीस राहिली. ही ओळ गाळू नये. नु.