बाहेरच्या खोलीतला लॅपटॉप

७ ऑक्टो. २००१, सिरसाळा
दादाचं पाकीट आलं एकदाचं. त्याच्या पुण्याच्या ऑफिसनं मोडीत काढलेला लॅपटॉप गेल्या महिन्यातच आलाय, आज त्यात लिनक्स घालायच्या आठ फ्लॉप्या. बीडपर्यंत दादाचा मित्र, पुढं परळी गाडीचा कंडक्टर. मशीन म्हातारं, सीडी लागत नाही, विंडोज झेपत नाही. लिनक्स चालेल म्हणतो दादा. चालायलाच पाहिजे. मामंजींनी सगळ्यांदेखत सांगितलंय, "दसऱ्याला चालू करून दाखवा सुनबाई, बाहेरची खोली तुमच्या कॉम्प्युटर क्लासला. न्हाई तर दुसऱ्या दिवशी खताच्या गोण्या पडत्याल तिथं." खताचं दुकान त्यांचं, आणि शब्दाचे पक्के. तोच तर वांधा.
पाच पोरींनी नाव दिलंय. परळीला शिकायला घरचे सोडत नाहीत त्यांना.

८ ऑक्टो. सोमवार
हे दुकानातनं जेवायला आले तर मी मशीनपुढंच. "आज फ्लॉपीची भाजी का?" म्हणे. हसू आलं, दाखवलं नाही.
पाच फ्लॉप्या मस्त गेल्या. सहावी घातली, कर्र कर्र, रीड एरर. काढली, फुंकली, घातली. तेच. सातवी, आठवी तेच. मग पहिलीसुद्धा वाचेना! डोकंच फिरलं. तेवढ्यात लाईट गेली. बॅटरी तर कधीचीच मेलेली.

९ ऑक्टो.
एसटीडी बूथवरनं दादाशी भांडण. मी: स्वस्तातल्या घेतल्यास. तो: तुझ्या कंडक्टरनं आदळल्या. बूथवाले काका पेपर खाली ठेवून ऐकत होते. घ्या ऐकून.

१० ऑक्टो.
सहावीचा पत्रा सरकवला. आत पांढरी भुकटी. बोटावर घेतली, वास ओळखीचा. विभूती!
आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. "आत्याबाई, तुमी फ्लॉप्यांची पूजा केलती का?"
"केली की, सोमवारी. वरून लावली तर पुसती म्हणून पत्रा सारून आत लावली. वरच्या तीनाला लावली अन् दूध उतू गेलं बघ, बाकीच्या राहिल्या."
काय ते तोंड, कौतुकानं नुसतं फुललेलं. सासू असून अख्ख्या घरात माझ्या क्लासच्या बाजूनं या एकट्याच. "बरं केलं" म्हणाले. मागच्या दारी जाऊन डोळे पुसले. हसत होते की रडत, मलाच कळेना. लई जीव आहे या बाईचा माझ्यावर.

१४ ऑक्टो.
ह्यांनी मेडिकलमधून स्पिरिट आणलं. काडीला कापूस गुंडाळून ड्राइव्ह आतून पुसला, तीनदा. पहिली फ्लॉपी वाचली! दादा तीन नव्या धाडतोय.
ह्यांना खरं सांगून टाकलं, वर शपथ घातली. हे म्हणाले, "आईला कळलं तर दोन दिवस जेवायची न्हाई ती." माहीत आहे मला.

२३ ऑक्टो.
फ्लॉप्या आल्या. देवघरापासून लांब, कपाटात, कुलूप. आठही गेल्या!!
पण चित्र येईना. नुसते रंगीत पट्टे. माऊस हलेना, आवाज नाही. बूथवरनं दादा: "त्या मशीनच्या पडद्याचं न् लिनक्सचं पटत नाही. अक्षरांवर भागव." काळा पडदा, पांढरी अक्षरं. टायपिंग होतं, फायली होतात, पोरींना सुरुवातीला आणखी काय पाहिजे? मी खुश आहे बाई. मामंजींचं काय ते…

२६ ऑक्टो. दसरा
मामंजींनी सोनं दिलं, मी पाया पडले, खुर्ची ओढून बसले. चालू केलं.
"चित्र कुटंय?"
"चित्र येत न्हाई मामंजी, लिहिणं येतं."
"परळीच्या क्लासात सगळं रंगीत हाय. ह्याला चालू म्हनायचं का बंद, तुमीच सांगा."
राग आला लई, त्यांचा कमी, माझा जास्ती. चालू आहे म्हणून ठणकावून सांगायचं होतं.

२७ ऑक्टो.
सकाळीच ट्रॅक्टर. हे लिहितेय तोवर गोण्या ओट्यावरच आहेत.
हमाल पहिली गोणी पाठीवर घेऊन दारात आला आणि आत्याबाई पिठाच्या हातानं बाहेर. हात पदराला पुसले, चटई टाकली, मशीनपुढं मांडी घालून बसल्या. "संगीता, शिकीव मला."
हमाल: "आप्पा, कुटं टाकू?"
मामंजी उंबऱ्यात. आत्याबाईंकडं एकदा बघितलं. मग, "थांब बे जरा." एवढंच. आत ठेव म्हणाले नाहीत, परत ने म्हणालेही नाहीत.
मी कागदावर इंग्रजीत लिहून दिलं, महानंदा. चौथी शिकलेल्या आत्याबाई, ती नऊ अक्षरं एका बोटानं हुडकत बसल्या. एक सापडलं की माझ्याकडं बघायच्या. हमालानं गोणी खाली ठेवली न् तोही बघायला लागला. शेवटी एंटर. नावाला हुकूम समजून मशीननं खाली इंग्रजीत एक ओळ लिहिली, असा हुकूम सापडत नाही.
"काय म्हंतंय गं?"
"म्हणतंय, ही महानंदा कोण, आपण ओळखत नाही."
मामंजी मिशीत हसले, मी बघितलं. आत्याबाईंनी चष्मा वर सारला.
"होईल वळख. रोज येत जाईन मी."